पोटातली चाळ रिकामी कशी करावी

मुंबईत जुना भाडेकरू बाहेर काढायचा म्हणजे काय दिव्य असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पागडीची खोली, नाममात्र भाडं आणि कोर्टाच्या तारखांना हजर राहणारी दुसरी पिढी. पण एका चाळीला ना नोटीस लागते, ना वकील. ती तुमच्या मोठ्या आतड्यात आहे. 2016 साली संशोधकांनी तिथली शिरगणती अंदाजाने मांडली, तर जीवाणू निघाले सुमारे 38 लाख कोटी आणि माणसाच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी. मालकापेक्षा भाडेकरू जास्त! खपवून घेऊ नका.

ते भाडं देतात, असं कुणीतरी सांगेलच. देतात, नाही कशाला म्हणा? ज्वारीतला, गवारीतला, चवळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची चूल मुख्यतः त्यावरच पेटते. शिवाय थोडं व्हिटॅमिन के, थोडं बी. वर जिना असा अडवून बसतात, की बाहेरच्या जंतूला आत जागा मिळते ती सकाळच्या विरार लोकलमध्ये बोरिवलीला चढू पाहणाऱ्याला मिळते तेवढीच. असल्या भाड्याला भुलू नका.

आधी रसद तोडा. प्रौढ माणसाच्या पोटात रोज निदान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, जावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मैद्याच्या पावात जेमतेम एखादा ग्रॅम असतो, तेवढ्यावर भागवा. नाश्त्याला वडापाव, दुपारी पुन्हा तोच, चार वाजता बिस्किटाचा पुडा. डब्यातली गवार ऑफिसातल्या मांजरीलाही दाखवू नका. उंदरांना असं बिनचोथ्याचं खाऊ घालून पाहिलंय. उपाशी जीवाणूंनी आतड्याच्या आतल्या चिकट थरालाच तोंड लावलं. म्हणजे भाडेकरू भिंतीचा गिलावा खरवडून खायला लागले. इमारत धोकादायक ठरवायला आणखी काय हवं?

तरी हलले नाहीत तर बुलडोझर. जुलैत मला सर्दी झाली. सर्दी विषाणूंची, अँटिबायोटिक मारतं जीवाणूंना. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण असल्या बारकाव्यात शिरलं तर कामं होत नाहीत. नाक्यावरच्या केमिस्टला म्हटलं, ‘मागच्या वेळच्या त्या दे रे चार.’ त्याने चिठ्ठी मागितली नाही, मी दिली नाही. कात्रीने कर्रकर्र करत चार गोळ्यांचा तुकडा कापून हातावर ठेवला. पाकिटावर उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. तुम्ही नक्षी समजा.

सर्दी आठवड्याने गेली, तशीही जाणारच होती. चाळ मात्र झकास ओस पडते. बरेच भाडेकरू काही आठवड्यांत परततात. काही मात्र 1982 च्या संपानंतर कोकणात गेलेल्या गिरणी कामगारांसारखे गेले ते गेलेच. मोकळ्या खोल्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखे गुंड बळकावतात आणि जुलाबांनी माणूस आडवा होतो. तो आजार उलटून उलटून यायला लागला, की निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत हा उपाय व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकलाही भारी पडला. नळी नाकातून घातली होती. जेवताना वाचत असाल तर माफ करा, पण परक्या चाळीतले भाडेकरू असे पाया पडून आणावे लागतात, हे ठाऊक असलेलं बरं.

माझ्यावर ती वेळ आली नाही. नुसतं पोट बिघडलं. पुन्हा त्याच केमिस्टकडे गेलो. त्याने कॅप्सूलची डबी पुढे केली. ‘चांगले जंतू असतात यात, साहेब.’ किंमत बघून मी क्षणभर जंतूंच्या जागी स्वतःला कल्पून पाहिलं. मग पैसे दिले.

घरी आलो तर ओट्यावर आई ताक घुसळत होती. विरजण कुठल्या साली लागलं ते तिलाही आठवत नाही. शेजारच्या काकूंकडून आणलेलं, एवढंच. हिंग-जिरं घालून तिने पेला पुढे केला.

‘नको गं,’ मी म्हटलं, ‘सर्दी होईल.’ आणि कॅप्सूल घ्यायला पाणी मागितलं.