शनिवारची साडेसाती

ज्याला अमेरिकन फुटबॉलमध्ये काडीचाही रस नाही त्याने ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात घर घेऊ नये, ही गोष्ट आम्हाला घर दाखवणाऱ्या दलालाने सांगितली नव्हती. शाळा चांगली आहे असे त्याने सांगितले, तळघर कोरडे आहे असेही सांगितले, आणि शेजारी ‘अतिशय उत्साही’ आहेत एवढे म्हणून तो गप्प झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाचे १९२२ साली उघडलेले स्टेडियम घोड्याच्या नालाच्या आकाराचे आहे आणि त्यात एक लाख दोन हजारांहून अधिक माणसे बसतात; जी तेथे मावत नाहीत ती सगळी आमच्या गल्लीत बसतात, असा माझा अनुभव आहे. ऑगस्ट सरत आला की लाल-करड्या कपड्यांतला एखादा अनोळखी गृहस्थ समोरून येतो आणि ‘ओ-एच!’ असे ओरडतो. त्यावर तितक्याच जोरात ‘आय-ओ!’ असे ओरडणे हे येथे नागरिकाचे कर्तव्य मानले जाते. मी ते लिफ्टमध्ये बजावले आहे, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात नळी असतानाही बजावले आहे.

खेळाबद्दल थोडेसे सांगणे भाग आहे. लांबट चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, एवढाच त्याचा गाभा. ते दहा यार्ड पुरते झाले की नाहीत असा वाद निघाला की दोन माणसे साखळी घेऊन धावत येतात आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीदारांसारखी ती ताणून धरतात. दोन बोटांच्या फरकासाठी एक लाख माणसे श्वास रोखून उभी असतात, आणि हे दृश्य पाहून आपल्या गावाकडचे बांधाचे खटले इतकी वर्षे का चालतात याचा मला प्रथमच उलगडा झाला. खेळाचे घड्याळ साठ मिनिटांचे असले तरी प्रत्यक्षात सामना साडेतीन तास चालतो, आणि त्यानंतर शेजाऱ्यांचे विश्लेषण सुरू होते.

एरवी हे सारे सहन करता येते, पण २०२४ साली आपल्या पंचांगाने आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकाने संगनमत केल्याचा मला दाट संशय आहे. गणेश चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला आली. त्याच संध्याकाळी साडेसातला वेस्टर्न मिशिगनशी सामना होता आणि आमची आरतीही त्याच सुमारास होती. झब्ब्याच्या खिशात फोन ठेवून उभ्या असलेल्या मंडळींकडून आरतीच्या मधल्याच ओळीला ‘मोरया’चा गजर होऊ लागला, तेव्हा वडीलधाऱ्यांना भक्ती अनावर झाली आहे असे वाटले. ओहायो स्टेटने तो सामना ५६-० असा जिंकला, त्यामुळे भक्ती बराच वेळ अनावर होत राहिली.

दसराही शनिवारीच आला, १२ ऑक्टोबरला. त्या दिवशी संघाने सीमोल्लंघन करून थेट ऑरेगनमधले युजीन गाठले आणि तेथे ३२-३१ असा, एका गुणाने, पराभव पत्करला. शेवटची दहा सेकंदे उरली असताना ऑरेगनने अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात उतरवले. त्याबद्दल पाच यार्डांचा दंड झाला खरा, पण त्या गडबडीत घड्याळातली चार सेकंदे खर्ची पडली. उरलेल्या सहा सेकंदांत आमच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला आणि घसरत खाली बसला तेव्हा वेळ संपलेली होती. पुढच्याच आठवड्यात ही पळवाट बंद करण्यात आली, पण आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना त्याने काडीचे समाधान लाभले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना दसऱ्याचे ‘सोने’ म्हणून एक पान दिले होते. दुसऱ्या दिवशी ते पान त्यांनी अत्यंत सभ्यपणे परत आणून दिले.

दिवाळीच्या पाडव्याला, २ नोव्हेंबरच्या शनिवारी, पेन स्टेटवर २०-१३ असा विजय मिळाला. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची तिसरी घंटा मात्र सामना संपेपर्यंत वाजली नाही, याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही.

खरा प्रसंग ३० नोव्हेंबरचा. मिशिगनशी होणारा सामना हा येथे सामना नसून भाऊबंदकी आहे. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचा ‘एम’ लाल पट्टी लावून खोडतात, आणि आमच्या मराठी मंडळाच्या पत्रकावरचे दोन्ही ‘एम’ कोणा उत्साही सभासदाने खोडल्यामुळे कार्यक्रम नेमका कोणाचा हे नव्या लोकांना कळेना. मिशिगनला हरवले की खेळाडूंना सोन्याच्या इवल्याशा चड्डीचे पदक मिळते; ही प्रथा १९३४ पासूनची आहे आणि तिच्याबद्दल हसणे धोक्याचे आहे. त्या वर्षी मिशिगनचा संघ अगदी सामान्य होता. तो येथे आला, १३-१० असा जिंकला, लागोपाठ चौथ्यांदा जिंकला, आणि मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवू लागला. मग हाणामारी झाली आणि पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. दहापैकी जवळजवळ नऊ सामने जिंकणाऱ्या रायन डे या प्रशिक्षकाला त्याच रात्री घरी पाठवावे, असे आमच्या गल्लीचे एकमताने ठरले.

अशा वेळी समाचाराला जायचे कसे, बसायचे किती वेळ आणि चहा घ्यायचा की नाही, याबद्दल आपल्या रीतीभातींत काहीच मार्गदर्शन नाही. आम्ही गेलो आणि गप्प बसलो. बराच वेळ कोणी बोलेना म्हणून सौभाग्यवतींनी, केवळ सांत्वनासाठी, आज कार्तिक अमावास्या होती असे सांगितले. शेजारच्या गृहस्थांनी मान वर केली. अमावास्या म्हणजे काय, ती केव्हा लागली आणि केव्हा सुटणार, हे त्यांनी खोदून खोदून विचारले. सामन्याचा सबंध वेळ ती चालू होती हे समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच रंग चढला. प्रशिक्षक निर्दोष ठरला आणि माझ्या हालांना खरी सुरुवात झाली.

कारण हंगाम संपलाच नव्हता. ज्या गटाला ‘बिग टेन’ म्हणतात आणि ज्यात अठरा संघ आहेत, त्याच्या अंतिम सामन्यापर्यंतही न पोहोचलेल्या या संघाला राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळता येणार होते, कारण त्याच वर्षापासून चारऐवजी बारा संघांना संधी मिळू लागली होती. प्रत्येक सामन्याआधी शेजारी दाराशी येऊन तिथी विचारू लागले. २१ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत टेनेसीचा ४२-१७ असा पाडाव झाला. १ जानेवारीच्या ‘रोझ बोल’ नावाच्या सामन्यात दसऱ्याच्या त्याच ऑरेगनविरुद्ध ३४-० अशी आघाडी घेऊन ४१-२१ असा हिशेब चुकता झाला. १० जानेवारीला टेक्सासशी गाठ होती आणि त्या दिवशी एकादशी होती. हे समजताच गृहस्थांनी उपवास धरला. बिअर उपवासाला चालते असे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर गृहीत धरले. शेवटच्या मिनिटांत जॅक सॉयरने, एकेकाळी आपल्याच खोलीत राहणाऱ्या, आता टेक्सासच्या क्विन युअर्सच्या हातातला चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत जाऊन सामना २८-१४ असा संपवला. सॉयर हा येथूनच जवळच्या पिकरिंग्टनचा मुलगा, पण आमच्या गल्लीत श्रेय उपवासाला मिळाले.

२० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असे हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. अखेरीस अकरा यार्ड हवे असताना हॉवर्डने जेरेमाया स्मिथकडे ५६ यार्डांची जी फेक केली, ती मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आणि ओरडलोही, हे येथे नोंदवून ठेवतो. मात्र सौभाग्यवती सांगतात तितका वेळ मी ओरडलो नाही.

विजयोत्सव स्टेडियममध्ये २६ जानेवारीला झाला, म्हणजे आम्ही ध्वजवंदनाहून परतलो तेव्हा शेजारी निघण्याच्या तयारीत होते. राष्ट्रीय विजेतेपद हाती आलेल्या माणसाचा चेहरा जसा असावा तसा त्यांचा चेहरा नव्हता. “पण मिशिगनकडून हरलोच,” असे म्हणून त्यांनी विचारले की २९ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे पुढच्या मिशिगन सामन्याच्या दिवशी, कोणती तिथी आहे. मार्गशीर्ष शुद्ध नवमी, असे आम्ही शोधून सांगितले. त्यांनी ते पाठ केले, दोनदा म्हणून दाखवले, आणि नवमीला नेमके काय खायचे नसते, हे विचारले.