‘हुजरेगिरी’ या शब्दाबद्दल, आणि सुवर्णदुर्गाबद्दल

१७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग घेणाऱ्या कमोडोर विल्यम जेम्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “चव्वेचाळीस तोफांच्या जहाजापुढे सुवर्णदुर्ग पडणारच होता, यात जेम्सचं कर्तृत्व कसलं? ही इंग्रजांची हुजरेगिरी आहे.” मतभेद मला चालतात, हा शब्द चालत नाही. आंग्र्यांचं आरमार हा माझा आयुष्यभराचा अभ्यास आहे. सुवर्णदुर्गाचा तट मी भरतीला पाहिलाय, ओहोटीलाही. ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्यावर असा शिक्का मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

एक चूक कबूल. मी जेम्सला ब्रिटिश राजाच्या नौदलाचा अधिकारी म्हटलं. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा, म्हणजे बॉम्बे मरीनचा, प्रमुख होता. दुरुस्ती करतो, आभार.

आता तुमचं ‘पडणारच होता’. २ एप्रिल १७५५ रोजी जेम्सने ‘प्रोटेक्टर’ हे ते चव्वेचाळीस तोफांचं जहाज किल्ल्याच्या पश्चिमेला आणलं आणि त्याच्या ताफ्याने दिवसभरात आठशेच्या आसपास गोळे टाकले. तटाला भगदाड पडलं नाही. कारण तिथला तट बराचसा मूळ कातळातूनच तासलेला आहे. गोळा आदळला की कपचा उडतो, पण चिरा निखळत नाही, कारण निखळायला सांधाच नसतो. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या माणसानेही तेच सांगितलं : किल्लेदार मारला गेलाय, पण या बाजूने तट फुटायचा नाही. तुमच्या चव्वेचाळीस तोफांचा हिशेब तिथेच संपला, साहेब.

दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाज पूर्वेला नेलं, बेट आणि हर्णैचा किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात. एका अंगाला सुवर्णदुर्ग, दुसऱ्या अंगाला किनाऱ्यावरचा आंग्र्यांचाच गोवा किल्ला, म्हणजे दोन्हीकडून मारा अंगावर घ्यायचा. खालच्या रांगेतल्या तोफा गोवा किल्ल्यावर लावल्या, वरच्या सुवर्णदुर्गावर. तट इतका जवळ आला की डोलकाठ्यांवरच्या माच्यांमधून बंदुका चालवून तटावरच्या गोलंदाजांना हटवता आलं. दुपारच्या सुमारास एका बाँबने आतलं शाकारलेलं घर पेटलं. वरून गोळ्यांचा पाऊस, विझवायला कोण धजणार? आग पसरत गेली आणि दारूकोठार उडालं.

जागा बदलली म्हणून हे घडलं, आणि ती बदलायचा निर्णय त्याचा एकट्याचा. कंपनीच्या मुंबईतल्या वरिष्ठांचा त्याला हुकूम होता तो समुद्रावरून नाकेबंदी करण्याचा. किल्ल्यांशी भिडू नको, असं बजावलेलं होतं. एवढं होऊनही तुळाजी आंग्र्यांची माणसं हटली नाहीत. गोवा किल्ल्याचा किल्लेदार निवडक लोक घेऊन सुवर्णदुर्गात शिरला. जेम्सच्या खलाशांनी बेटावर उतरून चोरदरवाजा कुऱ्हाडींनी फोडला, तेव्हाच शरणागती आली. जेम्सने काय केलं ते नेमकं मांडलं नाही, तर या लोकांनी काय झेललं ते कसं कळणार? ‘पडणारच होता’ म्हणून तुम्ही त्यांचाच अपमान केलात.

जेम्सला पुढे मिळालेली इंग्लंडातल्या वेस्ट लूची खासदारकी, कंपनीचं अध्यक्षपद, सर पदवी यांवरचे टोमणे सोडून देतो. लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याने ‘स्वतःचंच स्मारक उभारलं’, असंही तुम्ही ठोकून दिलंय. जेम्स डिसेंबर १७८३ मध्ये वारला. स्मारकाचा तो मनोरा त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये बांधवला.