अपघातसमयी वाहन कोण चालवत होते?

आमच्या घरातले लोक मला इंग्रजी पिक्चरला नेतात तेव्हा दोन्ही बाजूंनी बंदोबस्त ठेवतात. डावीकडे बायको, उजवीकडे भाचा. मी पिक्चरमध्ये बोलतो, अशी तक्रार आहे. बोलतात हो सगळेच. मागच्या रांगेतला एकजण तर अख्खा मध्यंतरापर्यंत फोनवर प्लॉटचा व्यवहार करत होता. पण माझा गुन्हा वेगळा. पडद्यावर पुलाचा कठडा तोडून गाडी खाली जाते, सगळं थिएटर श्वास रोखून धरतं, आणि त्या शांततेत माझा आवाज येतो, "टोटल लॉस."

काय करणार, धंदाच तो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. कोल्हापूर, इचलकरंजी, हातकणंगले, गडहिंग्लज या टापूत कुठं गाडीला गाडी लागली की गॅरेजात जायचं, बोनट उघडायचं, खाली वाकून बॅटरी मारायची, फोटो काढायचे, चासी नंबर ताडून बघायचा आणि कंपनीला कळवायचं, एवढे द्या, एवढे देऊ नका. दिवसभर चेपलेल्या गाड्या बघितलेल्या माणसाला संध्याकाळी विरंगुळा म्हणून पुन्हा चेपलेल्या गाड्याच बघायला नेतात. तेही वर थ्रीडीचा चष्मा चढवून. माझा नंबरचा चष्मा आत, त्यांचा बाहेर, आणि दोन्ही सांभाळायला एकच नाक.

तेव्हा पुढची मतं ही एका साध्या प्रेक्षकाची आहेत. दिग्दर्शन, संकलन, पटकथा यातलं मला काही कळत नाही. मला फक्त नुकसान कळतं.

सुरुवात 'मॅट्रिक्स'च्या दुसऱ्या भागापासून करू. २००३ सालचा. त्यातला हायवेवरचा पाठलाग भाच्याच्या मते सिनेमाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे. त्या पाठलागासाठी दीड मैलाच्या आसपास रस्ता स्वतंत्र बांधला होता. कोल्हापूरकर असल्यामुळे माझा पहिला प्रश्न टोलचा होता, तो मी गिळला. पण मोटार कंपनीनं त्यासाठी सुमारे ३०० गाड्या फुकट दिल्या आणि सगळ्या भंगारात गेल्या, हे भाच्यानं अभिमानानं सांगितलं तेव्हा माझ्या घशाशी पॉपकॉर्न अडकलं. तीनशे! आमच्याकडे मागच्या बंपरला पोचा आला तर माणूस तीनदा फोन करतो आणि "साहेब, तेवढा दरवाजाही याच्यातच बसवा की" म्हणून चहा पाजतो. त्या दरवाजाचा पोचा दोन वर्षांपूर्वीचा असतो, आत गंज चढलेला असतो, तरी तो कालच्याच अपघातातला असतो.

पलटीचं तर विचारूच नका. आमच्याकडे ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतो, "साहेब, तीन पलट्या खाल्ल्या गाडीनं," आणि टपावर साधा ओरखडाही नसतो. म्हणून २००६ च्या बाँडपटात गाडी सात पलट्या खाते ते मला मनापासून पटलं. टप, पिलर, काचा, सगळं खरोखर गेलेलं दिसत होतं. नंतर कळलं की ती गाडी रस्त्याला इतकी चिकटून राहायची की पलटेचना. शेवटी खालून नायट्रोजनची तोफ लावून तिला उडवावं लागलं. आमचे ड्रायव्हर निदान स्वतःच्या हिमतीवर पलटी मारतात.

'फास्ट अँड फ्युरियस' ही मालिका मी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध बघतो. २०१५ च्या सातव्या भागात अबुधाबीतल्या एका मनोऱ्यातून गाडी काच फोडून निघते आणि हवेतून दुसऱ्या मनोऱ्यात घुसते. तिथून तिसऱ्यात. गाडीची किंमत ३४ लाख डॉलर, आणि पुढच्या दिव्यांत चक्क हिरे. मी अंधारात बायकोला विचारलं, "भरपाई देताना काचेला घसारा कापत नाहीत, रबर-प्लास्टिकला पन्नास टक्के कापतात. हिरा कशात धरायचा?" बायको म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." आता हे काही उत्तर झालं नाही. कंपनीला मी काय लिहिणार? शिवाय पॉलिसीत स्वच्छ छापलेलं असतं: शर्यत, वेगाची चाचणी असल्या कामाला गाडी वापरली तर विमा नाही. म्हणजे ही अख्खी मालिका पहिल्या भागापासूनच रिजेक्ट होते. इतके भाग निघाले, पण एकाही नायकानं पॉलिसीची मागची बाजू वाचलेली नाही.

नवव्या भागात तर त्यांनी गाडीला रॉकेट बांधून ती अवकाशात नेली. थिएटरात शिट्ट्या. भाचाही उभा राहिला. मी तेवढा बसून होतो, कारण मला भौगोलिक क्षेत्राचं कलम आठवत होतं. आपली पॉलिसी भारतात चालते. जादा हप्ता भरलात तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, आणि कागदोपत्री पाकिस्तानसुद्धा. वरच्या दिशेनं किती, याचा उल्लेख कुठेही नाही. बरं, वर जाऊन गाडीतले दोघं करतात काय, तर गाडीनं उपग्रहाला धडक देतात! थर्ड पार्टीच्या, म्हणजे तिऱ्हाइताच्या, मालमत्तेचं नुकसान. त्याला खासगी गाडीसाठी मर्यादा साडेसात लाख रुपये. साडेसात लाखांत आमच्या बाजारपेठेत दुकानाचं शटर आणि आतला काउंटर बसतो. उपग्रहाचं बघा तुम्हीच.

पण सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो 'ट्रान्सफॉर्मर्स'नं. क्लेम फॉर्मवर एक रकाना असतो: अपघातसमयी वाहन कोण चालवत होते? त्याच्याखाली लायसन्सचा नंबर, मुदत, वर्ग. निम्मे क्लेम या रकान्यात घसरतात. गाडी चालवत असतो मुलगा, आणि फॉर्मवर येतात वडील, कारण मुलगा सोळा वर्षांचा. आता या पिक्चरमध्ये गाडीच उठून उभी राहते, दुसऱ्या गाडीच्या कानाखाली काढते आणि पुन्हा गाडी होऊन निघून जाते. वाहन कोण चालवत होते? वाहन. लायसन्स? वाहनाचं. इसमाचं वर्णन? पिवळा, दोन दरवाजे. मी हे सगळं मनातल्या मनात भरत होतो, तेवढ्यात ट्रकनं ट्रकचं डोकं उपटलं आणि बायकोनं माझा हात दाबून धरला. तिला वाटलं मी घाबरलो.

त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागाची एक गोष्ट मात्र मला भाच्यानं सांगितली आणि मी त्या दिग्दर्शकाचे सगळे गुन्हे माफ केले. त्यात पाचशेहून जास्त गाड्या फोडल्या. त्या गाड्या पुरात बुडालेल्या होत्या. विमा कंपन्यांकडे पडून होत्या, नाहीतरी मोडायच्याच होत्या, म्हणून शूटिंगला दिल्या. आता पुरात गेलेली गाडी म्हणजे काय, हे हॉलिवूडला नका शिकवू, कोल्हापूर-सांगलीला विचारा. २०१९ ला पंचगंगा गावात आली आणि २०२१ ला पुन्हा विचारपूस करून गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही सर्व्हेअर मंडळी गमबूट घालून हिंडत होतो. गाडीचं दार उघडलं की आधी गाळाचा वास अंगावर यायचा, मग पायाशी चिखलाचा थर, डॅशबोर्डच्या कप्प्यात भिजून लगदा झालेलं आरसी बुक, आणि गणपतीची मूर्ती तेवढी जागच्या जागी. आमच्याकडे अशा गाडीचं पुढं काय होतं? कोणीतरी ती भंगाराच्या भावात उचलतो, सीट धुतो, कार्पेट बदलतो, आत अत्तराची बाटली टांगतो आणि चार जिल्हे ओलांडून "लेडीज ड्रिव्हन, सिंगल ओनर" म्हणून विकतो. घेणाऱ्यानं फक्त सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, तिथं पाण्याची रेघ आणि वाळू सापडते. तो पट्टा धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. या सगळ्यापेक्षा यंत्रमानवाच्या लाथेनं मेलेलं काय वाईट? निदान पुन्हा विकली तरी जाणार नाही.

परग्रहवासीयांच्या पिक्चरना मी निवांत जातो. मोठी तबकडी येते, शहरावर सावली पडते, इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात, आणि मी आरामात पाय पसरून बसतो. युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कारवाई, यातलं काही आपल्या कक्षेत येत नाही. 'परकीय' म्हणजे किती लांबून आलेला, असं विचारतच नाहीत. फाइल बंद.

विज्ञानपटांतलं विज्ञान मला कळत नाही, असा भाच्याचा समज आहे. 'इंटरस्टेलर' बघताना तो दर पाच मिनिटांनी माझ्या कानात कृष्णविवर ओतत होता. त्या विवरामागचं गणित किप थॉर्न या शास्त्रज्ञाचं, त्यांना पुढं २०१७ ला नोबेल मिळालं, वगैरे. मग ते लोक त्या पाण्याच्या ग्रहावर उतरतात. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. लाट येते, घोटाळा होतो, आणि यानावर परत येईपर्यंत इकडे तेवीस वर्षं उलटलेली. नायक पोरांचे साठलेले निरोप बघत ढसाढसा रडतो. थिएटरात सगळ्यांची नाकं वाजत होती. बायकोनं पदर डोळ्याला लावलेला. मी मोबाइलचा उजेड हातानं झाकून हिशेब करत होतो.

"अहो, काय चाललंय? तो रडतोय तिकडं!"

"अगं, पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत रिन्यू नाही केली की नो क्लेम बोनस जातो. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळते ती सूट."

"बरं मग?"

"आपले नव्वद दिवस म्हणजे तिथली दोन मिनिटं! गाडीचं दार लावून पायऱ्या उतरेपर्यंत पन्नास टक्के बोनस गेला या माणसाचा."

बायको माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं जागा बदलून घेतली. पण सापेक्षतावाद मला त्या क्षणी जेवढा आरपार समजला तेवढा भाच्याला अजून समजलेला नाही, आणि तो इंजिनिअर आहे. याच पिक्चरसाठी कॅनडात सुमारे ५०० एकर मका खरोखर पेरला आणि शूटिंग झाल्यावर तो विकून वर नफाही काढला, हे ऐकल्यापासून त्या दिग्दर्शकाबद्दल मला घरच्यासारखी आपुलकी वाटते. त्यानंच पुढं 'टेनेट'मध्ये स्फोटासाठी खरंखुरं जुनं ७४७ विमान विकत घेतलं, कारण खोटं करण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. याला म्हणतात सॅल्व्हेजची, म्हणजे भंगारातून पैसा वसूल करायची, जाण. आता 'टेनेट'ची गोष्ट विचाराल तर, काळ उलटा वाहतो एवढंच हाती लागलं. हायवेवर एक गाडी उलटी पडलेली असते. ती आपणहून सरळ होते, पोचे भरून निघतात आणि ती मागं मागं पळत जाते. लोक अवाक. मला घाम फुटला. उद्या अशी टेक्नॉलॉजी गॅरेजवाल्यांच्या हाती लागली तर? क्लेम पास झाला, चेक वटला, आणि गाडी आपोआप नवी. रिकव्हरी कोणाकडून करायची, कालच्या माणसाकडून की उद्याच्या?

टॉम क्रूझला मी काही बोलणार नाही. 'मिशन इम्पॉसिबल'मधला नॉर्वेतल्या कड्यावरून मोटारसायकलसकट उडी घ्यायचा तो प्रसंग त्यानं शूटिंगच्या अगदी सुरुवातीलाच उरकून घेतला म्हणे. वाईट काही झालंच तर बाकीचा खर्च व्हायच्या आधी झालेलं बरं. असा विचार करणारा माणूस आमच्या ऑफिसात असता तर एव्हाना मॅनेजर झाला असता. फक्त तो पॅराशूटनं खाली आला, त्या मोटारसायकली कोणी गोळा केल्या, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

हाच तर माझा मूळ मुद्दा आहे. शेकडो कोटींचे पिक्चर, शहरं बेचिराख, आणि दुसऱ्या दिवशी रस्ते चकाचक. मधल्या रात्री झाडलं कोणी? एकाच पिक्चरमध्ये मला याचं उत्तर मिळालं. २०१७ चा स्पायडरमॅन. आधीच्या पिक्चरमध्ये सगळ्या महानायकांनी मिळून न्यूयॉर्कची वाट लावलेली असते, आणि तो मलबा उचलायचं कंत्राट एका साध्या माणसाला मिळतं. सॅल्व्हेजवाला. महापालिकेचं काम म्हणून बिचाऱ्यानं कर्ज काढून ट्रक घेतले, माणसं लावली. काम चालू असताना सरकारी खातं येतं आणि सांगतं, हे आता आमचं, तुम्ही निघा. आगाऊ नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही. त्याचा आवाज चढतो आणि आतला आपला माणूस जागा होतो, कारण बिल अडकलेला कंत्राटदार जगात सगळीकडे तसाच ओरडतो.

मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. म्हटलं, आला, आपला हीरो आला! हा आता कोर्टात जाणार, स्टे आणणार. तर पाच मिनिटांत त्याला पंख लावून खलनायक केला. पुढचे दोन तास कोळ्याच्या वेशातलं एक शाळकरी पोर त्याच्या मागं. आणि थिएटर टाळ्या कोणाला वाजवतंय? पोराला! त्या पोरानं अख्खी बोट मधोमध दोन करून ठेवली होती. तिचा सर्व्हे करायला एकही माणूस आला नाही. मी उभा राहून एवढंच म्हणालो, "त्याचे ट्रकचे हप्ते कोण भरणार?" मागून कोणीतरी "बसा हो काका" म्हणालं. पण दोन रांगा सोडून एक गृहस्थ वळून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी अगदी हळू मान हलवली. पीडब्ल्यूडीचे ठेकेदार असणार.

बाहेर पडलो तर भाचा चिडलेला. पार्किंगमध्ये गाडी काढताना त्यानं विचारलं, "मामा, खरं सांगा, पिक्चर तुम्हाला आवडला की नाही आवडला?"

आता आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी, सहीच्या वर, एक वाक्य ठरलेलं असतं. मी वाटेल ते लिहिलं तरी उद्या ते माझ्या किंवा कंपनीच्या अंगलट येऊ नये, एवढ्यासाठी.

"आवडला," मी म्हणालो. "विदाऊट प्रेज्युडिस."