आठवी-नववीच्या मुलांना कुठली पुस्तकं द्यावीत?

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतल्या आईबाबांचे मेसेज सुरू होतात. "मुलगी नववीत जाणार, काही चांगली पुस्तकं सुचव ना." आणि शेवटी हमखास जोडलेलं असतं, "शक्यतो प्रेरणादायी, संस्कार करणारं."

गाडं इथेच अडतं. तेरा ते सतरा या वयाला पुस्तक औषधाच्या डोसासारखं दिलं की ते तोंड फिरवणारच. लेखक आपल्याशी बोलतोय की आपल्या मागे उभ्या असलेल्या आईबाबांना खूश करतोय, हे या मुलांना दोन पानांत कळतं. त्यामुळे पुस्तक निवडताना मी एकच बघते, लेखकाची नजर कुणाकडे आहे.

म्हणून पहिलं नाव प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'चं. ते आवडलं तर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ओघाने येतातच. या कथांमधला मुलगा लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. मोठ्यांची दुःखं त्याच्या कानावर पडतात, अर्धी कळतात, अर्धी डोक्यावरून जातात. लेखक मध्ये येऊन काही समजावत नाही. उरलेलं वाचणाऱ्यानेच ओळखायचं. चौदा वर्षांच्या वाचकावर एवढा विश्वास टाकणारी पुस्तकं फार थोडी आहेत. कानडी वळणाची ती भाषा पहिली काही पानं अडते, हे खरं. पण एकदा लय सापडली की घरातले सगळेच लंपनसारखे ऊठसूट 'मॅड' म्हणायला लागतात, ही धोक्याची सूचना आधीच देऊन ठेवते.

मग मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४). आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, वर्गातली शिरोडकर. "यात प्रेमबिम आहे ना?" असं मला दबक्या आवाजात विचारलं जातं. आहे! नववीतल्या मुलाला मुलगी आवडू शकते ही बातमी त्याला कादंबरीतून कळणार आहे का? आपल्या डोक्यात चाललेला गोंधळ कुणीतरी आधीच नीट लिहून ठेवलाय, हे कळलं की जीव जरा हलका होतो. सिनेमा आधी बघितला असला तरी बिघडत नाही. मुकुंदाची मनातल्या मनातली बडबड पुस्तकातच खरी भेटते.

नाझींपासून लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँकची डायरी आपण फार गंभीर चेहऱ्याने मुलांच्या हातात ठेवतो, जणू इतिहासाचा धडाच. तिला ती वही तेराव्या वाढदिवसाला मिळाली, १२ जून १९४२ ला. वहीत युद्धाची भीती आहे, तशीच आईशी भांडणं आहेत, सोबत लपलेला पीटर आहे, स्वतःच्या शरीराबद्दलचं कुतूहल आहे. १९४७ मध्ये डायरी पहिल्यांदा छापली तेव्हा तिच्या वडिलांनी आईवरच्या रागाचा आणि शरीराबद्दलचा काही मजकूर गाळला होता. त्या बापाचं दुःख समजू शकतं, पण मुलीचं लिहिलेलं चाळून घेणं काही सुटलं नाही! नंतरच्या आवृत्त्यांत तो मजकूर परत आला. घेताना संपूर्ण आवृत्तीच घ्या.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' (१९६७). लिहायला घेतली तेव्हा ती स्वतः पंधरा वर्षांची होती, आणि ते पानोपानी जाणवतं.

चरित्रच हवं असा हट्ट असेल तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. गुलामगिरीत जन्मलेला पोरका मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो, ही गोष्टच इतकी दणकट आहे की वेगळा उपदेश लागत नाही. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा हळूच ठेवून द्या. 'असलं काय वाचतेस' म्हणू नका. रात्री दिवा लावून झोपावं लागलं की पुस्तकाची ताकद आपोआप कळते.

सोळा पूर्ण झाली की दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' (१९७८). भाषा काही ठिकाणी बोचेल, बोचू द्या. जात ही काय चीज आहे हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळतं त्याहून फार वेगळं इथे कळतं.

पुस्तक दिलंत की बाजूला व्हा. फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाकने वाचकाचे दहा हक्क सांगितलेत. त्यातला पहिलाच न वाचण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. 'यातून काय शिकलीस?' हे तर विचारूच नका. अगदीच राहवलं नाही तर 'पुढे काय झालं?' एवढंच, तेही जेवताना सहज. उत्तर आलं नाही तर भाजी वाढा आणि विषय बदला.