न्यूमोनियाला पाऊस बदनाम, पाकीट नामानिराळं

सिगारेटच्या पाकिटावर कॅन्सरचा फोटो छापून काय होतं? ओढणारा म्हणतो, "व्हायचा तेव्हा होईल की." आणि त्याचंही खोटं नाही, वीस-तीस वर्षांपुढच्या भीतीनं आज कुणी काडी विझवत नाही. त्यापेक्षा दर थंडीत जी छाती भरते ना, तिच्याबद्दल बोला.

आमचे दाजी न्यूमोनियानं मिरजेत ॲडमिट होते. सांगलीहून भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं निदान केलं. कुणी म्हणालं पावसात भिजले, कुणी म्हणालं रात्रीचं दही, कुणी कूलर. रोजच्या पाकिटाचं नाव कुणी काढलं नाही, कारण भेटायला आलेले निम्मे खाली टपरीवर जाऊनच वर आले होते! दाजींना श्वासाच्या व्यायामाला ते तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र दिलेलं. नळी तोंडात धरून जोर लावला की पहिला बॉल जेमतेम हलायचा. मग खोकल्याची उबळ, आणि ताई पाठ चोळत बसायची.

डॉक्टरांकडून जे कळलं आणि नंतर जे वाचलं ते सांगतो. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफ वर घशाकडे ढकलत राहतात. साखर कारखान्यात ऊस आत नेणारी गव्हाण चालते तसं, अखंड. सिगारेटच्या धुरानं हे तंतू मंदावतात, आखूड होतात, झडतात. त्यात कफ मात्र जास्त तयार होतो. गव्हाण बंद आणि यार्डात उसाच्या गाड्यांची रांग. साचलेल्या कफात जंतूंची चंगळ.

त्याच्याही खाली, फुप्फुसाच्या वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. ओढणाऱ्याच्या छातीत त्यांची संख्या उलट वाढलेली असते, पण धुराचे कण खाऊन त्या तपकिरी पडतात आणि जंतू गिळण्यात कमी पडतात. गर्दी आहे, काम नाही. (सरकारी ऑफिसचा विनोद इथं करणार नव्हतो.) शिवाय धुरानं दुखावलेल्या अस्तराला न्यूमोनिया करणारे न्यूमोकॉकससारखे जंतू जास्त सहज चिकटतात.

अमेरिका-कॅनडातला एक अभ्यास 2000 साली छापून आला. अठरा ते चौसष्ट वर्षांच्या, एरवी धडधाकट माणसांत न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग होण्याची शक्यता ओढणाऱ्यांत सुमारे चौपट निघाली. आणि स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांत सुमारे अडीचपट. हे दुसरं वाचून मला दाजींपेक्षा ताईची काळजी जास्त वाटली. टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच.

अँटिबायोटिकनं जंतू मरतात, झडलेले तंतू उगवत नाहीत. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी "आता बरा झालो" म्हणत टपरी गाठणाऱ्याचा मला राग येतो. सोडली तर तंतू काही आठवड्या-महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. सुरुवातीला खोकला वाढू शकतो, साचलेलं बाहेर पडतं. "सोडल्यावरच त्रास झाला" म्हणून लोक इथंच पुन्हा पेटवतात.

1800-11-2356 ही तंबाखू सोडवायची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. दाजींना नंबर मी लावून दिला, बोलले ते स्वतः. सिगारेट सध्या बंद आहे. गायछापकडे वळलेत का, त्यावर ताईचं लक्ष आहे.