हंगामी माणसाचा बायोडाटा

एकाच ठिकाणी चिकटलेल्या माणसाचं बरं असतं. ‘२००९ पासून आजतागायत’ एवढी ओळ टाकली की गडी मोकळा. पंचाईत आमच्यासारख्यांची. आमच्या नोकऱ्या सणांनी मोजाव्या लागतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला होतो, गणपती ते दिवाळी. राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात शिमगा ते बेंदूर. पुण्यातल्या कॉल सेंटरातून तर एखादा सण यायच्या आतच घरी परतलो.

आता हे सगळं बायोडाट्यात लिहायचं का? लिहिलं तर साहेब विचारणार, “कुठं टिकत का नाही?” नाही लिहिलं तर विचारणार, “मधल्या काळात काय करत होता?” म्हणजे काम केलं तरी संशय आणि नाही केलं तरी संशय.

आमचे दाजी सरकारी खात्यात कायम आहेत, त्यामुळं नोकरी बदलण्याबद्दल त्यांना फार माहिती आहे. ते म्हणाले, “मर्दा, मोडलेला साखरपुडा कोण स्थळाच्या पत्रिकेत लिवतंय का? गप गाळून टाक.”

आतून भाकरी थापता थापता ताई म्हणाली, “पण पावणं चौकशी करत्यात की!”

ताईचं खरं आहे. नोकरीच्या बाजारातला चौकशी करणारा पावणा म्हणजे पीएफचा यूएएन. २०१४ पासून हा बारा आकडी नंबर आपल्या मागं लागला आहे. कंपनी बदलली तरी नंबर तोच, आणि त्याच्या पोटात कुठं कधी लागला आणि कधी सुटला, सगळं तारखेनिशी. मी एकदा सर्व्हिस हिस्टरी उघडून बघितली. पुण्याची नोकरी, जी मी गल्लीत ‘ट्रेनिंगला गेलो होतो’ म्हणून खपवली होती, ती तिथं मांडी घालून बसलेली. आणि मोबाईलचं दुकान? त्याचा पत्ताच नाही! साधारण वीस माणसं असल्याशिवाय पीएफचा कायदा लागत नाही, आणि आम्ही तिथं मालकाचा मेहुणा धरून पाच. म्हणजे जिथं पाय सुजेपर्यंत उभा राहिलो ती नोकरी कागदोपत्री झालीच नाही, आणि जिथं हेडफोन डोक्यावर नीट बसायच्या आत निघालो ती कायमची गोंदली गेली. सरकारलाही आमच्यासारख्यांची दखल घ्यायला वेळच लागला म्हणा. सहा महिन्यांच्या आत पीएफमधली नोकरी सुटली तर पेन्शनच्या हिश्श्यातलं काही परत मिळत नसे. तो नियम बदलायला २०२४ चा जून उजाडला.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमचे आण्णा, म्हणजे चुलते, साखर कारखान्यात हंगामी. गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं की कामावर, पट्टा पडून हंगाम संपला की घरी. उन्हाळ्यात शेतात, पावसाळ्यात कट्ट्यावर. असे पंचवीस-तीस हंगाम त्यांनी वजनकाट्यावर काढले. ट्रॉली काट्यावर चढताना नुसती बघून “ह्यात पाचट किती हाय” ते सांगायचे. अख्ख्या गावात कुणी कधी त्यांना “तुम्ही टिकत का नाही?” असं विचारलं नाही. उलट हंगाम तोंडावर आला की माणसं वळख लावायला घरी येत. तेच काम मी बायोडाट्यात लिहिलं तर पाच-पाच महिन्यांचे तुकडे दिसतील आणि एचआरचा साहेब चष्म्यावरून बघेल.

बरं, थोड्या दिवसांत माणूस काही शिकत नाही असं म्हणावं, तर फौंड्रीतली ती एक रात्र मी विसरलेलो नाही. गाडी कास्टिंगनी भरून गेटवर उभी, चेन्नईला जायची. माल रस्त्यानं न्यायला लागणाऱ्या ई-वे बिलाची साइट गोल गोल फिरतीय. ड्रायव्हर टायरला टेकून बिडी ओढतोय. सुपरवायझर दर पाच मिनिटाला येऊन “झालं का रं?” विचारतोय. चलनावर जेवढे नग, त्यापेक्षा मोजले तर दोन कमी. ते दोन नग ग्राइंडिंगवाल्याच्या बाकड्याखाली सापडले तेव्हा पहाटेचा चहा आला होता. डिस्पॅच म्हणजे काय हे त्या रात्रीत जेवढं कळलं तेवढं तीन वर्षांच्या बी.कॉम.ला कळलं नव्हतं. ही नोकरी मी गाळणार नाही, दाजी काहीही म्हणोत.

तर माझ्यापुरतं ठरवलं ते असं. बायोडाटा आपला, त्यात ज्या नोकरीबद्दल दहा मिनिटं बोलता येईल ती लिहायची. फौंड्री आत, दुकान आत, पुणे बाहेर. पण कंपनीचा छापील फॉर्म आला, ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ असा रकाना आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही, तिथं पुण्यासकट सगळं. तिथं लपवाछपवी केली तर मिळालेली नोकरीही जाते, आणि मग ती जाणारी नोकरी पुन्हा लिहायची का नाही हा नवा घोळ.

हा फैसला घेऊन बिंदू चौकाजवळच्या टायपिंगवाल्याकडं गेलो. त्याचं स्वतःचं तत्त्वज्ञान तयार होतं. “भावा, महिने कशाला लिवतोस? नुसती सालं टाक. डिसेंबर ते जानेवारी केलं असलं तरी २०२१-२०२२ दिसतंय. दोन वर्षं!”

“आणि त्यांनी महिने विचारले तर?”

“मग सांगायचे. विचारल्यावर खोटं बोलायचं नाही,” असं म्हणून त्यानं कीबोर्डवर फुंकर मारली. मी महिने घालायलाच लावले. त्यानं मान हलवत घातले.

“हॉबीजमध्ये काय टाकू? वाचन, प्रवास टाकतो सगळ्यांना.”

“फुटबॉल टाक.”

“टाकतो. पण कुठल्या तालमीच्या संघाचा ते लिवू नको,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “साहेब दिलबहारचा का पाटाकडीलचा, काय सांगावं.”