नेढ्यापुरता उजेड

परवा तपकीर गल्लीतल्या एका दिव्यांच्या दुकानात, ऐन गर्दीच्या वेळी, एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली, तिच्यात एका दमात दोरा ओवला आणि "हं, घ्या" म्हणून ती मला परत केली. काउंटरपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिले आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर अजून माझ्या मनातून गेलेली नाही. ते गृहस्थ गीझरचे एलिमेंट घ्यायला आले होते आणि सुईशी त्यांचा तसा काहीही संबंध नव्हता.

मला हवा होता तो शिवायला बसण्यापुरता एक दिवा. संक्रांतीसाठी घेतलेल्या काळ्या साडीला फॉल लावायचा होता, आणि मशीनवर लावलेल्या फॉलचे टाके साडीच्या उजव्या बाजूने रांगेने दिसतात, म्हणून चांगल्या साडीला तो हातानेच लावावा लागतो. साडीचा एकच धागा सुईने उचलायचा, फॉलमधून पुढे जायचे, आणि दोरा कुठेच दिसला नाही म्हणजे काम जमले असे समजायचे. साडी काळी, फॉल काळा, दोरा काळा; शिवाय काळे कापड अंगावर पडलेला बहुतेक उजेड गिळून टाकते आणि डोळ्यांसाठी फारसे काही शिल्लक ठेवत नाही. जानेवारीत पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि मी ऑफिसातून घरी पोचते सातला, तेव्हा हे सगळे दिव्याखालीच करणे भाग होते.

आमच्या घरात दिवे कमी आहेत असे कुणी म्हणू नये. हॉलमध्ये पीओपी करून घेतले तेव्हा डिझायनरने छताच्या कडेने प्रकाशाची पट्टी फिरवली, टीव्हीच्या मागे एक दिवा दडवला आणि भिंतीवरच्या चित्राला स्वतंत्र दिवा दिला. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर उजेड पडेल असा मात्र एकही दिवा त्याने बसवला नाही. छत सुरेख उजळते, पण छताला फॉल लावायचा नसतो. मधला मोठा दिवा नेमका माझ्या पाठीमागे येतो, त्यामुळे मी टाका घालायला वाकले की माझ्याच डोक्याची सावली सुईवर पडते.

घरातून मदतीऐवजी सल्ले मिळाले. सासूबाई म्हणाल्या, "तिन्हीसांजेला सुई हातात धरू नये, लक्ष्मी यायची वेळ असते." रॉकेलच्या चिमणीखाली बोटे टोचून घेतलेल्या एखाद्या शहाण्या बाईने हा नियम केला असावा आणि तो घरच्यांनी पाळावा म्हणून त्यात लक्ष्मीला ओढले असावे, असा माझा अंदाज आहे. यांनी टीव्हीवरून नजर न हलवता सांगितले, "बाहेर दे ना, शंभर-दीडशेत लावून देतात." मागे एकदा बाहेर दिले होते. तेव्हा त्यांनी सुती फॉल आधी भिजवून आटवून घेतलाच नाही, आणि पहिल्याच धुण्यात तो आक्रसून साडीच्या निऱ्यांना खालून जी चुण्यांची झालर आली, ती ह्यांना दिसली नाही. आमच्या हॉलमधल्या उजेडात ती दिसण्यासारखीही नव्हती.

म्हणून मी दुकानात गेले, आणि दिवा पारखून घेता यावा म्हणून पर्समध्ये सुई, काळ्या दोऱ्याचे रीळ आणि फॉलचा तुकडा घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाला मी म्हटले, "शिवायला दिवा हवाय." तो म्हणाला, "काकू, शिवायला नऊ वॉटचा देऊ का बारा?" मी उत्तर द्यायच्या आतच शेजारून आवाज आला, "वॉट विचारताय इथेच चुकतंय तुमचं."

मी वॉट विचारलेच नव्हते.

अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि नाकावर जाड भिंगांचा चष्मा असलेले ते गृहस्थ सत्तरीचे असावेत. "वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते," ते मुलाला आणि माझ्यासह सर्वांना उद्देशून म्हणाले, "उजेड लुमेनमध्ये मोजतात. नऊ वॉटचा एलईडी आठशे-नऊशे लुमेन देतो. आणि हा पांढरा उजेड मुळात निळा असतो बरं का, वर पिवळं फॉस्फर लावून तो पांढरा करतात. त्या निळ्या एलईडीला 2014 चं नोबेल मिळालंय." मुलाने आदराने मान डोलावली. मी फॉलचा तुकडा काउंटरवर ठेवून दिव्याखाली सुई धरली, तेव्हा त्यांनी मोबाइल काढून उजेड मोजायचे अ‍ॅप उघडले आणि तो माझ्या फॉलवर ठेवला. "चारशे लक्स, म्हणजे कापडावर प्रत्यक्ष पडणारा उजेड. शिवणाच्या कारखान्यात साडेसातशे लागतात. घरच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे असतात, त्यात तुम्ही काय शिवणार?" इथवर माझे काही म्हणणे नव्हते. मग त्यांनी विचारले, "ताई, वय काय तुमचं?"

मी विचारले, "दिव्याला वय कशाला लागतं?"

"साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळं पडतं."

"मी अजून साठीची झाले नाही."

"पण वाटचाल तीच आहे ना," ते प्रसन्नपणे म्हणाले, आणि मागे रांगेत उभा असलेला, एक्सटेन्शन बोर्ड घ्यायला आलेला तरुण हसला.

त्यानंतर त्यांनी मला काउंटरशी तिरके उभे केले, कारण उजव्या हाताने शिवणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो. हे खरे आहे आणि मला ते शाळेतल्या शिवणाच्या तासापासून ठाऊक आहे, पण ते सांगायला मला कुणी जागाच ठेवली नाही. दरम्यान गिऱ्हाइकांना कंठ फुटला. एकजण म्हणाला, दोरा तिरका कापा. दुसऱ्याने थुंकी लावायला सांगितले. एका बाईंनी सुईमागे पांढरा कागद धरायला सुचवले, आणि त्या गर्दीत उपयोगाचे तेवढे तेच बोलणे होते. मी नेढ्यापाशी दोरा नेते न नेते तोच गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, सुई घेतली, नाकापासून चार बोटांवर धरली आणि ओवली.

ह्यातली लबाडी तिथे एकाच्याही लक्षात आली नाही, म्हणून ती इथे नोंदवते. ते गृहस्थ लघुदृष्टीचे होते. मायनस नंबरच्या माणसाला जवळचे चष्मा काढून उत्तम दिसते, त्यासाठी त्याला लुमेनही लागत नाहीत आणि नोबेलही लागत नाही. शिवाय त्यांनी काळा दोरा पांढऱ्या सनमायक्यासमोर ओवला. काळ्या फॉलसमोर ओवून दाखवला असता, तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

मुलगा म्हणाला, "काकू, दिवा राहू दे, बोहरी आळीत दोरा ओवायची तार मिळते, ती घ्या." त्याला कसे सांगावे? दोरा ओवणे हे काही क्षणांचे काम आहे. फॉल असतो अडीच मीटरचा, वरची आणि खालची कड मिळून पाच मीटर, आणि त्या पाच मीटरभर एकेक धागा वेगळा दिसावा लागतो. तार तिथे काय करणार?

साडीचे काठ डाळिंबी होते, म्हणून मी पुढे विचारले की ह्या दिव्यात रंग किती खरा दिसेल. काठासाठी आणलेले रीळ दुकानातल्या पांढऱ्या उजेडात अगदी जुळले होते आणि आमच्या पिवळ्या दिव्याखाली ते चक्क तपकिरी दिसत होते. रंग किती खरे दिसतात ह्याचा आकडा असतो, तो नव्वदीच्या पुढे असला तर लाल छटांत फसगत कमी होते. मुलाने खोके सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले. त्यावर वॉट होते, उजेडाची पिवळी-पांढरी छटा सांगणारे केल्विन होते, वॉरंटी होती आणि पुस्तक वाचणाऱ्या एका गोबऱ्या मुलाचे चित्र होते. शिवणाऱ्या बाईचे चित्र असलेले खोके माझ्या तरी पाहण्यात नाही.

गृहस्थांचे एक बोलणे मात्र मी नाइलाजाने ऐकले: दिवा मोठा घेण्यापेक्षा जवळ आणावा. आठ फुटांवरचा दिवा दोन फुटांवर आणला की उजेड सोळापट होतो. म्हणून मी मान वळणारा, चिमट्याने अडकवायचा दिवा घेतला. घरी तो लावला तेव्हा हे म्हणाले, "हॉस्पिटलात बसल्यासारखं वाटतंय." टीव्हीच्या पडद्यावर त्याची तिरीप येते, अशीही तक्रार झाली. घरातला उजेड कुणासाठी आहे, ते त्या दिवशी मला नीट कळले. तो पाहुण्यांसाठी आहे, फोटोंसाठी आहे, टीव्हीसाठी आहे. संध्याकाळी ज्याचे हात चालू असतात त्याने आपल्या सावलीत काम करावे, मग ते ओट्यावरची भाजी चिरण्याचे असो की फॉल लावण्याचे.

आता अडचण एवढीच आहे, की माझ्या खुर्चीजवळ एकच प्लग आहे आणि त्यात राऊटर आहे. काल मी तो काढला. मघापासून मी दिव्याची वायर कुठवर पोचते ते पाहत घरभर फिरत होते, तेव्हा कुणी मान वर केली नव्हती. राऊटर काढताच चिरंजीव, हे आणि हरिपाठ लावून बसलेल्या सासूबाई असे तिघेही एका मिनिटात माझ्यासमोर हजर झाले. मी साडी दाखवली, फॉल दाखवला, संक्रांत किती जवळ आली ते सांगितले. चिरंजीवांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तोडगा काढला.

"आई, रात्री दीडनंतर नेट कोणी वापरत नाही. तेव्हा शिव ना."